रुग्ण आणि संशोधक यांच्यामधली खुर्ची : संशोधन रुग्णालयातील समाजकार्याचा इतिहास

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' अशी पाटी असलेली एक खोली असते. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतून वाट काढत तेथपर्यंत पोहोचणारा माणूस बहुधा पैशांच्या अडचणीने आलेला असतो. कोणाला बिलात सवलत हवी असते, कोणाला बाहेरून आणायच्या औषधासाठी एखाद्या ट्रस्टच्या नावे पत्र हवे असते, तर कधी वॉर्डातल्या बेवारस रुग्णाचे नातेवाईक शोधायचे असतात. त्यामुळे या खोलीत बसणाऱ्या व्यक्तीला समाज 'मदत मिळवून देणारा' एवढ्याच अर्थाने ओळखतो. अनेक सुशिक्षितांचीही समजूत याहून फार वेगळी नसते.

परंतु ज्या रुग्णालयात उपचारांबरोबर संशोधनही चालते, तेथे या खुर्चीचा अर्थ बदलतो. साध्या रुग्णालयात डॉक्टरचा हेतू एकच असतो, समोरचा रुग्ण बरा व्हावा. संशोधन रुग्णालयात त्याला दुसरा हेतू जोडला जातो, तो म्हणजे पुढे येणाऱ्या हजारो रुग्णांसाठी ज्ञान मिळवणे. दोन्ही हेतू चांगले आहेत, पण ते नेहमी एका दिशेने जात नाहीत. अशा वेळी दोघांच्या मधे बसलेली आणि रुग्णाचा विश्वास मिळवलेली व्यक्ती नेमकी कोणासाठी काम करते, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा बोस्टन, अलाबामा आणि बेथेस्डा येथून मुंबई, मद्रास, पुणे व इंदूरपर्यंत घेतला आहे.

बोस्टनच्या मार्गिकेतील टेबल

रुग्णालयीन समाजकार्याची पहिली नेमणूक इंग्लंडमधली. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने १८९५ मध्ये मेरी स्ट्युअर्ट यांना 'आल्मनर' म्हणून नेमले. ऐपत असूनही मोफत उपचार घेणारे कोण, हे शोधून काढणे हे त्यांचे मुख्य काम होते. म्हणजे या व्यवसायाचा आरंभ रुग्णाच्या बाजूने नव्हे, तर रुग्णालयाच्या तिजोरीच्या बाजूने झाला. ही गोष्ट समाजकार्याच्या पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत उरकली जाते, पण ती विसरण्यासारखी नाही. प्रत्यक्षात लबाडी करणारे फार थोडे निघाले आणि खरोखर अडलेले पुष्कळ निघाले. आल्मनरच्या कामाला पुढे जे वळण लागले ते त्यामुळेच.

अमेरिकेत सुरुवात वेगळ्या कारणाने झाली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट (१८६८-१९३९) हे निदानशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. जिवंतपणी केलेले निदान आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात दिसलेले सत्य यांची तुलना करून डॉक्टर कोठे चुकतात याचा त्यांनी हिशेब मांडला. तीन हजार शवविच्छेदनांवर आधारलेला त्यांचा लेख १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा व्यवसायबंधूंना तो फारसा रुचला नाही. बाह्यरुग्ण विभागात काम करताना त्यांच्या ध्यानात आणखी एक चूक आली, आणि ती कोणत्याही शवविच्छेदनात दिसणारी नव्हती. विश्रांती घ्या, सकस खा, मोकळ्या हवेत राहा, असा सल्ला घेऊन रुग्ण जात होते. विश्रांती घेतली तर चूल कशी पेटणार, एका खोलीत सात माणसे राहत असतील तर मोकळी हवा कोठून आणायची, याची माहिती डॉक्टरला नव्हती आणि विचारायला सवडही नव्हती.

म्हणून ऑक्टोबर १९०५ मध्ये बाह्यरुग्ण विभागाच्या मार्गिकेत एका कोपऱ्यात टेबल मांडले गेले आणि गार्नेट पेल्टन या परिचारिका तेथे बसू लागल्या. काही महिन्यांतच त्यांना क्षयरोग झाला आणि काम सोडावे लागले. त्यांच्या जागी आयडा कॅनन (१८७७-१९६०) आल्या आणि १९४५ पर्यंत तेथेच राहिल्या. रुग्णालयीन समाजकार्याला अभ्यासक्रम, नोंदीची पद्धत आणि व्यवसाय म्हणून दर्जा मिळवून देण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा. 'सोशल वर्क इन हॉस्पिटल्स' हा त्यांचा ग्रंथ १९१३ चा. त्यांचे बंधू वॉल्टर कॅनन हे हार्वर्डमधील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. शरीर आपला आतला समतोल कसा टिकवते याचा अभ्यास त्यांनी प्रयोगशाळेत केला. बहीण मात्र तोच समतोल भाड्याच्या खोल्यांत आणि कारखान्यांत का ढळतो, ते पाहत होती.

या टेबलाची एक बाजू विशेष लक्ष देण्यासारखी आहे. रुग्णालयाने या विभागाला आपला अधिकृत भाग म्हणून स्वीकारले ते १९१९ मध्ये. तोपर्यंत जवळजवळ चौदा वर्षे खर्च कॅबट यांनी स्वतःच्या खिशातून आणि देणग्यांतून भागवला. समाजसेविकेचा पगार रुग्णालय देत नसल्यामुळे तिला अडचणी पुष्कळ आल्या, पण व्यवस्थापनाला न आवडणारे निरीक्षण मांडण्याची मोकळीकही राहिली असावी. पगार कोण देतो आणि अहवाल कोणाकडे जातो, हे दोन प्रश्न या व्यवसायाच्या पुढील इतिहासात वारंवार डोके वर काढतात.

मेकन काउंटीतील मोटार

त्यांतला सर्वांत दुःखद प्रसंग अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे घडला. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने मेकन काउंटीतील कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यात ३९९ जणांना सिफिलिस म्हणजे उपदंश हा आजार होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या २०१ जणांना तो नव्हता. उपचार न केल्यास हा रोग शरीरात कसा वाढत जातो, ते पाहणे हा हेतू होता. रुग्णांना मात्र 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले गेले. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणीसुद्धा खास मोफत उपचार म्हणून सांगण्यात आली. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे या रोगावरील खात्रीचे औषध ठरले, तरीही ते या पुरुषांपर्यंत पोहोचू दिले गेले नाही. अभ्यास एकूण चाळीस वर्षे चालला.

डॉक्टर येत होते आणि बदलून जात होते. चाळीस वर्षांचा हा डोलारा टिकला तो मुख्यतः युनिस रिव्हर्स या कृष्णवर्णीय परिचारिकेमुळे. त्या रुग्णांना आपल्या मोटारीतून तपासणीसाठी नेत-आणत. वाटेत गप्पा होत, गरम जेवण मिळे. घरी म्हातारी माणसे आजारी असली तर त्या चौकशी करत. मृत्यूनंतर शवविच्छेदनाला संमती देणाऱ्या कुटुंबाला एका खासगी निधीतून दफनासाठी ५० डॉलरपर्यंत मदत मिळे, आणि त्या गरीब शेतमजुरांच्या दृष्टीने सन्मानाने दफन होणे ही मोठी गोष्ट होती. अभ्यासाला वीस वर्षे झाल्यावर, १९५३ मध्ये, रिव्हर्स आणि तीन सहकाऱ्यांनी सरकारी आरोग्यविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. एवढा दीर्घ काळ माणसे अभ्यासात कशी टिकवून ठेवली, हाच त्याचा विषय. शवविच्छेदनाला नकार देणारे कुटुंब एकच निघाले, हे त्यात यशाची खूण म्हणून नोंदवले आहे. आज तो लेख वाचताना अस्वस्थ व्हायला होते, कारण त्यातील बहुतेक युक्त्या चांगल्या समाजसेवकाच्याच आहेत. घरी जाणे, नाव लक्षात ठेवणे, कुटुंबाची भाषा बोलणे आणि वेळेला उभे राहणे, हे सारे त्यात आहे. कौशल्य तेच होते, फक्त ज्याच्यासाठी ते वापरले गेले ती गोष्ट वेगळी होती.

रिव्हर्स यांना खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. वर्णभेदाच्या काळातील अलाबामात एका कृष्णवर्णीय परिचारिकेने गोऱ्या सरकारी डॉक्टरांना प्रश्न विचारणे किती शक्य होते, याचा विचार करावा लागतो. त्या पुरुषांना इतर कोणाकडून मिळत नव्हती तेवढी आपुलकी त्यांच्याकडून मिळाली, हेही खरे आहे. पण इतिहासकाराला येथेच थांबता येत नाही. माणसाने ठेवलेला विश्वास ही अमानत असते. ती ज्याच्या हाती सोपवली त्याला, आपण ती पुढे कोणाच्या हवाली करत आहोत, हे माहीत असावे लागते.

या अभ्यासाला वाचा फोडणारी व्यक्तीही रुग्णांशी बोलण्याचेच काम करणारी होती, हा योगायोग लक्षणीय आहे. पीटर बक्स्टन हा तरुण १९६५ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथे त्याच आरोग्य सेवेत नोकरीला लागला. गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेणे हे त्याचे काम होते. सहकाऱ्यांच्या गप्पांत त्याने अलाबामातील एका वृद्धाची हकीकत ऐकली. एका डॉक्टरने त्या वृद्धावर उपचार केले म्हणून त्या डॉक्टरलाच बोल लावण्यात आला होता, कारण त्यामुळे अभ्यासातील एक माणूस वाया गेला. बक्स्टन यांनी १९६६ मध्ये वरिष्ठांना पत्र लिहिले. त्यांना बोलावून सुनावण्यात आले. १९६८ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिले. १९६९ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली आणि अभ्यास चालू ठेवावा असे ठरले. शेवटी त्यांनी कागदपत्रे वृत्तसंस्थेकडे दिली आणि जीन हेलर यांची बातमी जुलै १९७२ मध्ये छापून आली. त्याच वर्षी अभ्यास बंद झाला. १९७४ मध्ये अमेरिकेत संशोधनविषयक कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली ती मे १९९७ मध्ये. बक्स्टन यांचे निधन २०२४ मध्ये झाले.

बेथेस्डा : जेथे प्रत्येक रुग्ण संशोधनाचा सहभागी

टस्कीगीचा अभ्यास चालू असतानाच, जुलै १९५३ मध्ये, वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेचे 'क्लिनिकल सेंटर' सुरू झाले. आरंभी त्यात ५०० खाटांची सोय होती. या रुग्णालयाचे वैशिष्ट्य असे की, तेथे केवळ उपचारासाठी कोणालाच दाखल करून घेतले जात नाही. येणारा प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या संशोधन प्रकल्पात सहभागी असतो, आणि त्याच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. देशभरातून, आणि पुढे परदेशांतूनही, दुर्मीळ किंवा असाध्य रोगाची माणसे तेथे येत राहिली. १९५४ पासून निरोगी स्वयंसेवकही घेतले गेले. त्यांत युद्धसेवेला धर्मश्रद्धेमुळे नकार देणारे मेनोनाइट व ब्रदरेन पंथांचे तरुण बरेच होते.

अशा ठिकाणी समाजसेवकाचे काम बिलमाफीचे राहतच नाही. तेथे इतर प्रश्न पुढे येतात. हजार मैलांवरून आलेल्या आईने मुलाजवळ किती दिवस राहायचे, घरी राहिलेल्या दोन मुलांचे काय करायचे, नोकरी किती काळ टिकेल, आणि सर्वांत अवघड म्हणजे प्रकल्प संपला, औषध लागू पडले नाही, तर परत जाऊन काय करायचे. आज तेथे समाजकार्याचा स्वतंत्र विभाग आहे. आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी १९९० मध्ये आणि प्रौढ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी २००५ मध्ये त्याच परिसरात निवासाची सोयही झाली. त्याआधीची तीन-चार दशके हा प्रश्न रुग्णागणिक सोडवावा लागत असणार, हे उघड आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस व १९६० च्या आरंभी याच इमारतीत मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर अनेक औषधे एकत्र देण्याचे प्रयोग एमिल फ्रायराइख आणि एमिल फ्राय करत होते. त्या काळी हा रोग म्हणजे काही महिन्यांत मृत्यू असेच समीकरण होते. आज बहुतेक मुले त्यातून बरी होतात आणि त्या यशाचा पाया तेथे घातला गेला. पण त्या वर्षांत तेथे आलेली बहुतेक मुले वाचली नाहीत. त्यांच्या पालकांवरही संशोधन झाले, ही बाब फारशी सांगितली जात नाही. स्टॅन्फर्ड फ्रीडमन, पॉल चोडॉफ, जॉन मेसन आणि डेव्हिड हॅम्बर्ग यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २७ मुलांच्या ४६ आईवडिलांचे निरीक्षण होते. परगावाहून आलेले काही पालक त्याच इमारतीत राहत. त्यांच्याशी रोज बोलणे होई. शिवाय मनावरील ताण मोजण्यासाठी त्यांच्या लघवीतील संप्रेरकांचे प्रमाणही तपासले जाई. मूल जाण्याआधीच पालक शोक करू लागतात, आणि मुलाच्या आजाराला आपणच जबाबदार असल्याचा विचार त्यांना छळतो, हे त्या अभ्यासातून पुढे आले. पुढच्या काळात मृत्यूच्या दारातील मुलांच्या कुटुंबांशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण समाजसेवकांना या ज्ञानावर देता आले. तरीही प्रश्न उरतोच. ज्या आईला धीर द्यायचा तीच निरीक्षणाची वस्तू होती, आणि धीर देणारा कोण व नोंद करणारा कोण, हे तिला वेगळे करून दाखवणारे तेथे कोणी होते का, हे त्या अभ्यासातून कळत नाही.

अशा वॉर्डातील जगणे कसे असते, याचे उत्तम चित्र समाजशास्त्रज्ञ रेने फॉक्स यांच्या 'एक्सपेरिमेंट पेरिलस' (१९५९) या ग्रंथात आहे. बोस्टनमधील एका रुग्णालयातील पंधरा खाटांच्या संशोधन वॉर्डात त्यांनी दीर्घकाळ निरीक्षण केले. तेथे डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात जवळीक निर्माण झाली होती. दोघांनाही अनिश्चिततेत जगायचे होते, म्हणून दोघे एकमेकांना विनोदाने सावरत. प्रयोगात सहभागी असणे हा काही रुग्णांना अभिमानाचा विषय वाटे. म्हणजे संशोधनातील रुग्ण नेहमी फसवलेला असतो, असे समजणेही बरोबर नाही.

मात्र एक गैरसमज चिवट ठरला. पॉल अॅपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णांवरील संशोधनाचा अभ्यास करताना १९८२ मध्ये त्याला नाव दिले. त्याला मराठीत 'उपचाराचा भ्रम' म्हणता येईल. कोणाला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरणार आहे, असे स्पष्ट सांगितलेले असते. सहभागी माणूस त्यावर सहीही करतो. तरी मनातून तो म्हणत राहतो, 'डॉक्टरांनी माझ्यासाठी जे योग्य तेच ठरवले असणार.' हा अडाणीपणा नव्हे. आयुष्यभर डॉक्टरकडे ज्या भावनेने गेलो, ती एका कागदाने बदलत नाही. हा भ्रम दूर करण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती सहीनंतर चार दिवसांनी खाटेजवळ बसून 'तुम्हाला काय सांगितले, ते मला सांगा बरे' असे विचारणाऱ्या माणसाची. तो माणूस बहुधा समाजसेवक असतो.

नागपाडा, मद्रास आणि पुणे

भारतात व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले ते मुंबईच्या भायखळा भागातील नागपाड्यात. गिरणी कामगारांच्या आणि मुस्लीम वस्तीच्या या भागात क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी 'नागपाडा नेबरहुड हाउस' चालवत होते. तेथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. पुढे तेच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून देवनारला गेले. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. त्यानंतर टाटा इन्स्टिट्यूटमध्ये या विषयाचे विशेष शिक्षणही उभे राहिले.

संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना मद्रासची. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५६ मध्ये तेथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू केले. त्या वेळी क्षयरोग्याला सॅनिटोरियममध्ये ठेवणे हाच खरा उपचार मानला जाई. देशात रोगी लाखो आणि खाटा काही हजार, असे चित्र होते. केंद्राने १९३ रुग्णांना चिठ्ठीपद्धतीने दोन गटांत विभागले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये आणि दुसऱ्याला घरीच, वर्षभर तीच औषधे दिली. घरी राहणारे रुग्ण दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर जगत होते. तरीही १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही, आणि घरातल्या इतरांना होणारा संसर्गही त्यामुळे वाढला नाही. जगभर सॅनिटोरियमचे युग मावळण्यास हा अभ्यास मोठे कारण ठरला.

या निष्कर्षामागे घरोघरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची पायपीट होती. औषध घ्यायला न आलेल्याला शोधणे, कुटुंबाची समजूत घालणे, स्त्री रुग्णाला सासरी टिकवून धरणे, ही कामे त्यांची. याच कर्मचाऱ्यांना पूर्वसूचना न देता घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागत आणि औषध खरोखर घेतले की नाही हे तपासण्यासाठी लघवीचा नमुना आणावा लागे. एकाच भेटीत आधारही होता आणि पाळतही. मद्रासमध्ये रुग्णाला औषध मिळत होते, टस्कीगीत ते नाकारले जात होते. हा फरक फार मोठा आहे आणि दोहोंना एका मापाने मोजता येणार नाही. पण दारावरची थाप तीच होती, आणि दार उघडणारा दोन्हीकडे विश्वासानेच उघडत होता.

पुण्यात हा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००५ मध्ये भारतातील पहिल्या एचआयव्ही प्रतिबंधक लशीची चाचणी सुरू झाली. त्यासाठी ३० निरोगी स्वयंसेवक हवे होते. अशा लशीने एचआयव्हीची लागण होत नाही, पण रक्ताच्या काही चाचण्यांत प्रतिपिंडे दिसू शकतात. हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. पण लग्न ठरवताना, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा विमा काढताना त्याचा अर्थ काय होईल, शेजाऱ्यांना कळले तर काय, हे स्वयंसेवकाशी बसून उलगडावे लागते. येथे समुपदेशकाचे काम सही मिळवण्याचे नसते. सही न करणेही शहाणपणाचे असू शकते, हे सांगण्याचे असते.

इंदूर आणि खम्मम

जानेवारी २००५ मध्ये औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांतील 'परिशिष्ट वाय' बदलले आणि परदेशांतील औषधचाचण्या त्याच टप्प्यावर भारतातही करण्याचा मार्ग मोकळा झाला. चाचण्यांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांपैकी अनेक मोठ्या शहरांतील शासकीय रुग्णालयांत झाल्या, कारण रुग्ण तेथेच होते. रुग्णांना काय सांगितले गेले यावर इंदूरमध्ये २०१० च्या सुमारास मोठा वाद झाला. इंदूरच्याच 'स्वास्थ्य अधिकार मंच' या संघटनेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीतून ऑक्टोबर २०१३ मध्ये संमती घेतानाचे दृक्श्राव्य चित्रण करण्याचा आदेश निघाला. २०१५ मध्ये या नियमाची व्याप्ती कमी करून तो मुख्यतः नव्या औषधांच्या चाचण्यांतील दुर्बल सहभागींपुरता ठेवण्यात आला.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांशी थेट संबंध असलेली घटना मात्र रुग्णालयाबाहेरची आहे. २००९ मध्ये 'पाथ' या अमेरिकन संस्थेने, वैद्यक संशोधन परिषद व राज्य सरकारांच्या सहकार्याने, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प राबवला. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही. ही लस आज जगभर उपयुक्त मानली जाते, तेव्हा प्रश्न लशीच्या गुणाचा नाही. संसदीय स्थायी समितीच्या ऑगस्ट २०१३ च्या अहवालाने बोट ठेवले ते संमतीवर. आंध्रातील तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते, आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. आईवडील आदिवासी पाड्यांवर होते आणि मुली आश्रमशाळेत. सही करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात काही वाईट नसावे. सरकारी कार्यक्रम आहे, मुलींचे भलेच होईल, वरून सूचना आली आहे, एवढे त्यांना पुरेसे वाटले असणार. मोटार चालवणाऱ्या परिचारिकेलाही बहुधा तेवढेच पुरेसे वाटले होते.

२०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक यांसारखा एक स्वतंत्र सदस्य असणे आवश्यक आहे. सहभागी निरक्षर असेल तर संमतीच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. साक्षीदार चाचणीशी संबंधित नसावा आणि चाचणी करणाऱ्यांच्या दबावाखाली येणारा नसावा, अशी अट आहे. ज्या रुग्णालयात चाचणी चालू आहे तेथील पगारी समाजसेवक या अटीत बसतो का, यावर मतभेद होऊ शकतो. प्रकल्पाच्या निधीतून नेमलेला समुपदेशक तर निश्चितच बसत नाही. कॅबट यांच्या खिशातून पगार घेणाऱ्या आयडा कॅनन यांच्यापुढचा प्रश्न शंभर वर्षांनी नियमाच्या भाषेत असा उतरला आहे.

समितीतील बिगरवैद्यकीय जागा जवळपासच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनाही भरता येतात. सदस्यासमोर येणाऱ्या कागदांत संमतीपत्राचा स्थानिक भाषेतील अनुवाद असतो. बेळगावात तो मराठी व कन्नड, हैदराबादेत तेलुगू व उर्दू. मूळ इंग्रजीत जेथे 'अभ्यासातील औषध' असते, तेथे अनुवादात 'नवीन उपचार' हे शब्द सहज येऊन बसतात, आणि ते अशा सदस्याच्या नजरेस वैद्यकीय सदस्यांच्या आधी येतात.